महागडं औषध सरकारनं द्यायचं का, हे कुणी ठरवायचं?

राजारामपुरीकर
काकूंच्या केमोच्या वेळी रांगेत चंदगड, गगनबावड्याची माणसं भेटायची. एकाला इंजेक्शन योजनेत मिळायचं, दुसऱ्याला नाही. का, ते कुणीच सांगत नव्हतं. न्यूझीलंड जेमतेम ५० लाखांचा देश. तिथं १९९३ पासून 'फार्मॅक' नावाची सरकारी संस्था ठरलेल्या बजेटात औषधं निवडते: गुण किती, किंमत किती, तेवढ्याच पैशात दुसऱ्या कुणाचा जास्त फायदा होतो का. साऱ्या देशासाठी एकच गिऱ्हाईक असल्यानं कंपन्यांना भाव उतरवावा लागतो. आपल्याकडंही असंच उघडपणे ठरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचगंगा_घाट
मला हे अजिबात पटत नाही. माझ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता, हर्सेप्टिन लागणार होतं. तुमच्या फार्मॅकनं हेच औषध फक्त ९ आठवडे दिलं, जगात १२ महिने चालू असताना! आधार काय, तर फिनलंडमधला एक छोटा अभ्यास. बायका रस्त्यावर उतरल्या, २००८ ची निवडणूक झाली, आणि नव्या सरकारनं फार्मॅकला बाजूला ठेवून १२ महिन्यांचे पैसे दिले. हिशेबाच्या वहीत माझी बहीण कुठल्या रकान्यात बसते, सांगा.

औषधवाला_शाहूपुरी
ताई, बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण पुढचंही बघा. ब्रिटनमधल्या पर्सेफोन या मोठ्या चाचणीत ६ महिन्यांचा कोर्स १२ महिन्यांपेक्षा फारसा कमी ठरला नाही, आणि हृदयाला त्रासही कमी झाला. म्हणजे "१२ महिने लागतातच का?" हा प्रश्न चुकीचा नव्हता.

पंचगंगा_घाट
सहा महिने म्हणजे नऊ आठवडे नव्हेत, दादा. पुरावा अर्धवट असताना धोका पेशंटनंच का पत्करायचा? २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं फार्मॅकला चार वर्षांसाठी ६०.४ कोटी न्यूझीलंड डॉलर वाढवून दिले, तेव्हा कॅन्सरची कितीतरी औषधं मंजूर झाली. अडचण पैशाची होती, आणि नकार मात्र शास्त्राच्या नावावर.

राजारामपुरीकर
पैसे वाढलेच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण किती वाढवले तरी निवड करावीच लागते. आज ती बंद दाराआड होते. ज्याची ओळख असते, त्याचं काम होतं. केंद्रानं २०१७ मध्ये 'एचटीएइन' नावाची, उपचारांचा गुण आणि खर्च तोलणारी यंत्रणा उभी केली आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची कुठली पद्धत परवडते, असे अभ्यास ती करते. त्यांचे निष्कर्ष तालुक्याच्या दवाखान्यात मराठीत लावले, तर माणूस निदान भांडू तरी शकेल.

पंचगंगा_घाट
भांडायला कुणापुढं जायचं? हे ठरवणाऱ्या समितीत आजऱ्याची एखादी पेशंट बसणार आहे का, ते आधी सांगा. ती बसली, तर मी तुमच्या बाजूनं.