वाटेत निसटलेलं: तुमचे अनुभव लिहा

परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले. सोलां, मिरच्या, चणे, अळू, नारळ, पाव, असं पुटपुटत स्टँडवरून चालले होते. वाटेत शेजारीण भेटली. 'मुलगी आता कुठे असते गो?' एवढंच बोलणं. ती गेली आणि माझ्याकडे सोलां-मिरच्या तेवढ्या उरल्या.

1959 साली मानसशास्त्रज्ञ पीटरसन दांपत्याने लोकांना तीन अक्षरं देऊन लगेच उलटे आकडे मोजायला लावले होते. 18 सेकंदांत बहुतेकांची अक्षरं गेली. मिलर यांनी 1956 मध्ये या तात्पुरत्या स्मृतीची मर्यादा सात गोष्टींच्या आसपास मांडली, कोवन यांनी 2001 मध्ये ती चारावर आणली. म्हणजे जागाच तेवढी. तरी आपण स्वतःला, मुलांना बोल लावतो. तुमच्याकडे काय घडतं?

फोंडा: मी पहिलीला शिकवते. 'वही काढा, तारीख घाला, समास आखा, फळ्यावरचे शब्द उतरवा', सगळं एका दमात सांगायचे. एक मुलगा वही काढून नुसता बसायचा. 'लक्ष नसतं तुझं' म्हणत मी त्याला दोनदा उभं केलं. मग एकदा शेजारी बसून पाहिलं. 'आमसूल' लिहिताना तो 'आ' बघे, लिही, मान वर करून 'म' शोधी. एकेका अक्षरासाठी फळ्यापर्यंत फेरी! इतर मुलं अख्खा शब्द उचलून आणत, कारण त्यांना तो वाचता येत होता. आता मी एक सूचना देते, ती झाली की दुसरी. तो वही पुरी करतो. त्या दोन दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

मडगाव: माझा मोबाइल नंबर मी पाच-पाच आकड्यांत सांगतो. कोणी तीन-तीन-चार असा वाचला की माझाच नंबर ओळखता येत नाही.

पेडणे: भजनाला तबला वाजवतो. तीनतालाच्या 16 मात्रा सुट्या कधीच धरत नाही. चार-चारचे चार विभाग, पहिले दोन सारखेच. तिसऱ्या, म्हणजे खालीच्या विभागाचं 'धा तिं तिं ता' आणि चौथ्याचा पहिला 'ता', तेवढं वेगळं जपायचं.

साखळी: नवऱ्याने फोनवर रस्ता सांगितला: खुरसाकडून (क्रॉसकडून) डावीकडे, वडाकडून उजवीकडे, मग दुसरी गल्ली. ते घोकत स्कूटर चालवताना समोरचा सायकलवाला मला दिसलाच नाही. डोळे उघडे, रस्ता मोकळा. त्याने हँडल वळवलं म्हणून वाचला. आता मी थांबून एकेक वळण विचारते.

डिचोली: आमची आई चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, यादीशिवाय बांधते. यंदा मागे उभी राहून मी 28 नावं लिहून घेतली. मध्येच विचारलं, 'आई, पुढचं काय?' तिला सांगता येईना. तिने हात पुन्हा पट्टीवर ठेवला, सुपारीच्या घडाला लागला तसा थांबला, आणि लगेच म्हणाली, 'तवसं (काकडी) दी.'