माथेरान एका दिवसात, पायी : इंदूरच्या पाहुण्यांना कुठल्या वाटेने नेऊ?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी होस्टेलच्या दिवसांपासूनची मैत्रीण इंदूरहून आमच्याकडे डोंबिवलीला येते आहे. सोबत तिचा नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यातला एक दिवस माथेरानसाठी राखून ठेवला आहे. शनिवार-रविवारची गर्दी नको म्हणून बुधवार धरला आहे. मुक्काम नाही. सकाळच्या कर्जत लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी (गाड्या थांबतात तो नाका) आणि रात्री जेवायला परत घरी.

नेरळपासूनच मिनी ट्रेनने जायचं असा मुलाचा हट्ट आहे. पण ती वर पोचायला दोन तासांहून जास्त वेळ घेते आणि त्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे त्याची हौस दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंत जाणाऱ्या छोट्या शटल गाडीवर भागवायची असं ठरवलंय. तेवढ्यावर तो राजी झालाय.

अडलंय ते पुढे. कोणती वाट, कोणत्या दिशेने आणि कुठे थांबायचं?

आधी एक चूक सांगते, म्हणजे मी एवढं का विचारते आहे ते कळेल. मागच्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांना घेऊन गेलो होतो. वर पोचल्यावर ‘बारा पॉइंट’ ठरवून घोडे केले. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, फोटो, की चला पुढे. त्यात घोडेवाल्यांचा दोष नाही, आम्हीच बारा मागितले होते. परतताना एकाने मला विचारलं, तो तलाव होता तो आधी की तो कडा आधी? मला फार वाईट वाटलं. माथेरानात मी लहानपणापासून जाते आहे. कड्याच्या टोकाशी निवांत बसायचं, खालच्या गावातून कोंबड्याचं आरवणं वर ऐकू येतं ते ऐकायचं, ढगाची सावली शेतांवरून सरकताना बघायची, यासाठी मी तिथे जाते. ते या चौघांना मिळावं असं मनापासून वाटतं. म्हणून पॉइंट कमी झाले तरी चालतील, पण बसायला वेळ हवा.

आता माणसांबद्दल.

काकू, म्हणजे मैत्रिणीच्या सासूबाई, सदुसष्ट वर्षांच्या आहेत. रोज सकाळी चार किलोमीटर चालतात, सपाटीवर आम्हालाही मागे टाकतील. पण उतारावर उजवा गुडघा दुखतो. घोड्यावर बसणार नाही असं त्यांनी आधीच सांगून टाकलंय. माणसाने ओढायच्या हातरिक्षात तर बसणारच नाहीत, आणि त्यावर मी त्यांच्याशी सहमत आहे.

मैत्रिणीच्या नवऱ्याला उंचीची भीती वाटते. मांडूला रूपमती मंडपातून निमाडकडे बघतानासुद्धा ते भिंतीला टेकून उभे राहतात, असं ती सांगते. तरी ते उत्साहाने येताहेत. ‘तुम्ही सगळे बघा, मी झाडाखाली बसेन,’ म्हणाले. मला त्यांना दिवसभर झाडाखाली बसवून ठेवायचं नाहीये.

मुलाची काळजी उलट आहे. तो पळतो.

माझ्या मनातली वाट अशी. बाजारातून दक्षिणेकडे निघायचं, पूर्वेच्या कडेने अलेक्झांडर पॉइंट, रामबाग, चौक पॉइंट. तिथून वळून वन ट्री हिल, मग पश्चिमेच्या कडेने लॉर्ड्‌स पॉइंट, शार्लोट तलाव, इको आणि शेवटी लुईझा पॉइंट. रमतगमत, बसत, खात चार-पाच तास लागतील. सूर्यास्त पॉर्क्युपाइन पॉइंटला बघायचा आणि मग दस्तुरी.

दक्षिणेचा तो कोपरा दाखवायची ओढ मला आणखी एका कारणाने आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये पायथ्याच्या चौक गावी मुक्कामी असताना वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागेकडून खाली उतरले. थंड हवेचं ठिकाण म्हणून माथेरानची गोष्ट तिथून सुरू होते. अर्थात त्याआधीही हे रान होतंच, आणि खालच्या वाड्यांतली माणसं त्यात येत-जात होतीच. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान. मुलाला इतिहास आवडतो, त्याला त्या जागी उभं करून हे सांगायचं आहे.

आणि एक जरा अवघड गोष्ट. त्या बाजूने इर्शाळगड समोर दिसतो. जुलै २०२३ मध्ये त्याच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती बातमी काकूंनी इंदूरला टीव्हीवर पाहिली होती. परवा फोनवर त्यांनीच विचारलं, ‘तो डोंगर तुझ्या माथेरानातून दिसतो का गं?’ दिसतो, म्हटलं. काकूंना तिथे दोन मिनिटं शांत उभं राहायचं असेल तर तो वेळही मला हाताशी ठेवायचा आहे.

तर विचारायचं ते हे :

ही अख्खी वाट काकूंना झेपेल का? मध्येच सोडायची झाली तर कुठून बाजाराकडे वळणं सोपं? डिसेंबरात वाटेवरच्या लाल मातीचा भुगा होतो, त्यावर बारीक खडी, आणि उतारावर पाय सटकतो. काठी घेऊच, पण कोणता टप्पा टाळावा? उंचीची भीती असलेल्या माणसाला कुठला कडा सुसह्य होईल? आणि बाजार सोडल्यावर बायकांसाठी बरं स्वच्छतागृह कुठे आहे? हे कुणी नीट लिहीत नाही आणि काकू त्या भीतीने पाणी पीत नाहीत.

घाटवाट :

ताई, वाट छान निवडली आहे, फक्त उलटी करा.

कारण उजेड. सकाळी सूर्य पूर्वेला, तुमच्या पाठीशी. तेव्हा लुईझावरून समोर प्रबळगड उजळलेला दिसतो, कातळाची एकेक घडी मोजता येते. तोच लुईझा दुपारी चारला बघाल तर सूर्य थेट डोळ्यांत आणि प्रबळ नुसता काळा आकार. पूर्वेच्या कडेचं याच्या उलट. हिवाळ्यात सकाळी उल्हास नदीच्या खोऱ्यात धुरकट थर बसलेला असतो, तो दुपारपर्यंत विरळ होतो आणि अलेक्झांडर-रामबागवरून खालची गावं, शेतं चांगली दिसतात.

दुसरं कारण काकू. लुईझा, इको, शार्लोट तलाव एवढं झालं की तलावाजवळून सरळ बाजाराकडे रस्ता आहे. दमल्या तर तिथून परत, आणि माथेरानातलं उत्तम ते पाहून झालेलं असेल. तुमच्या क्रमाने त्या वन ट्री हिलला दमल्या तर बाजार बराच लांब पडतो. तलावाशेजारी पिसारनाथाचं देऊळ आहे, तिथे सावलीत बसता येतं.

सूर्यास्ताचा मोह सोडा. अंधारात दस्तुरीपर्यंतचं चालणं दुखऱ्या गुडघ्याला नको.

रानजांभूळ :

उंचीच्या भीतीबद्दल स्वतःच्या अनुभवाने लिहितो, मलाही आहे.

‘काही होत नाही, ये ना पुढे,’ असं त्यांना कुणी म्हणू नका, लाडानेसुद्धा. माथेरानचं बरं असं की एका पॉइंटवरून दुसऱ्याकडे जाणारी वाट बहुतेक दाट झाडीतून जाते, दरी उघडी पडते ती टोकाशी. म्हणजे चालताना त्यांना त्रास होणार नाही. कड्यापासून वीसेक पावलं आधी बसायचं आणि आधी लांबचं बघायचं. समोरचा डोंगर, आकाश. खालची दरी नाही. मी लुईझाला अर्धा तास असा बसलो आणि मग आपणहून पुढे सरकलो, कठड्यापर्यंत नाही, पण खालचा हिरवा उतार दिसेल एवढा. माझा तो दिवस फार चांगला गेला. त्यांच्याजवळ कुणीतरी बसा म्हणजे झालं.

मुलासाठी एकच नियम : कड्याजवळ पळायचं नाही आणि मोठ्या माणसाचा हात सोडायचा नाही. पाऊस संपल्यावर कडेची माती भुसभुशीत असते, गवताखाली कडा कुठे संपतो ते कळत नाही.

खाऊ पिशवीत हातात धरू नका, सॅकमध्ये ठेवा. माकडं प्लास्टिकचा आवाज ओळखतात. आणि माथेरानात रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर मोटारगाडी नाही, तेव्हा गुडघ्याची पट्टी, दुखण्याची गोळी जवळच असू द्या.

मूळ धागाकर्ती :

घाटवाट, उजेडाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं जाते, पण लुईझाला नेहमी संध्याकाळीच गेले आहे. वाट उलटी केली. सकाळी लवकरची लोकल धरून शटलने वर, मग लुईझा. इको पॉइंटला थोडंच थांबू, मुलाने एकदा ओरडून घेतलं की पुढे. तलावाजवळ जेवण, मैत्रीण इंदूरची लसूण शेव आणणार आहे, मी भाकऱ्या आणि ठेचा घेते. तिथे काकूंना विचारायचं. ‘चला’ म्हणाल्या तर वन ट्री हिल, त्या बाजूने समोरचा इर्शाळगड बघून रामबाग, अलेक्झांडर. नाही म्हणाल्या तर मी त्यांच्यासोबत बाजाराकडे वळेन आणि बाकीचे पुढे जातील.

रानजांभूळ, तुमचा प्रतिसाद मैत्रिणीला पाठवला. तिने तो नवऱ्याला वाचून दाखवला आणि त्यांचा मला स्वतःहून फोन आला. वीस पावलं चालतील म्हणाले.

स्वच्छतागृहाचं मात्र अजून कुणी सांगितलं नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत जाऊन आलेल्या कुणा ताईने शार्लोट तलावाच्या आसपासची सोय वापरली असेल तर कृपया लिहा. दार लागतं का आणि पाणी असतं का, एवढं कळलं तरी पुरे. आणि बाजार ते दस्तुरी ई-रिक्षा परतीला संध्याकाळी पाचनंतर मिळते का, हेही. त्या रस्त्यावर बराच भाग पेव्हर ब्लॉकचा आहे आणि दिवसभर चालल्यावर काकूंच्या गुडघ्याला तो टप्पा वाचवता आला तर हवा आहे.