जुना ट्रॅक्टर: इंजिन गार असतानाच बघा

भाऊ, केळीच्या मशागतीसाठी ४५ एचपीचा जुना ट्रॅक्टर बघताय आणि मीटरवर चाललेले तास कमी दिसतात म्हणून मन ओढ घेतंय, असं तुम्ही लिहिलंय. तासांवर जाऊ नका. मीटर बदलता येतो. त्यापेक्षा घासलेले पेडल आणि मागे अवजार जोडायच्या लिंकेजची मोठी झालेली भोकं बघा, ती खरं बोलतात.

मालकाला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत चालू करू नका; इंजिन आधीच गरम असलं तर चालू व्हायची कुरकुर लपते. हात लावून इंजिन गार असल्याची खात्री करा, मगच सेल्फ मारा. गरम झाल्यावर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून जोरात धूर येत असेल तर रिंगा-लायनरचं, म्हणजे इंजिन खोलायचं काम आलं समजा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं की पाणी मिसळतंय, तिथूनच परत फिरा.

आपल्याकडे यावल-रावेरच्या काळ्या जमिनीत रोटाव्हेटरचा ताण पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा दांडा) आणि क्लचवर येतो. म्हणून अंगणात फेरी मारून भागत नाही, रोटाव्हेटर जोडून वावरात अर्धा तास चालवाच. शेवटी तो उचलून इंजिन बंद करा. लगेच खाली बसला तर हायड्रॉलिकचा खर्च धरा.

आणि कागद! माझ्या पहिल्या ट्रॅक्टरच्या आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता, नाव चढवायला फार हेलपाटे झाले. बँकेची नाहरकत आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या, चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. टायर, रंग वगैरे नंतर.