अ‍ॅडाप्टिव्ह फिल्टरला मराठीत काय म्हणायचं?

विश्रामबाग, सांगली :
डिप्लोमाच्या पोरांना डिजिटल कम्युनिकेशन शिकवते. नोट्समधे 'अनुकूली गाळणी' लिहिलं होतं तर एका मुलीनं विचारलं, मॅडम अनुकूल म्हणजे आपल्या बाजूचं ना, मग ही गाळणी कुणाच्या बाजूची? बरोबरच आहे तिचं. आणि गाळणी म्हटलं की सगळ्यांना चहाची दिसते, इथं तर सिग्नलचे मागचे चार-पाच नमुने (ठराविक वेळानं मोजलेले आकडे) घ्यायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं, बेरीज करून पुढचा नमुना किती येईल ते आधीच सांगायचं आणि खरा आला की फरक बघून वजनं बदलायची, यात गाळलं काय? सुचवा काहीतरी.

वाई :
ताई, गाळणी राहू द्या. जेवढं आधी सांगता आलं तेवढं वजा करायचं, उरतं ते खरं नवीन, म्हणजे गाळलंच की. एडीपीसीएम या आवाज आकड्यांत पाठवायच्या पद्धतीत नेमका हा उरलेला फरकच पाठवतात, म्हणून फोनचा आवाज सेकंदाला ६४ ऐवजी ३२ किलोबिटमधे बसतो. 'अनुकूली' मात्र काढाच. जीवशास्त्रात अनुयोजन चालतं त्यावरून 'अनुयोजी' होईल, पण पोरांच्या तोंडात बसणार नाही. मी 'सरावती गाळणी' म्हणेन, नवा बैल जोडीला सरावतो तशी.

मिरज :
सरावती झकास! पण एररला, म्हणजे अंदाज आणि खरा नमुना यातल्या फरकाला, 'चूक' नका म्हणू, 'तफावत' म्हणा. चूक म्हटलं की कुणाचातरी दोष येतो, इथं नुसती वजाबाकी आहे आणि तीच कामाची. पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची जुनी माणसं काय करतात बघा, मागच्या दोन-तीन तासात पाणी किती चढलं, कोयनेतून किती सोडलंय, यावरून म्हणतात तासाभरात अजून अर्धा फूट. पाऊण फूट चढलं तर पुढचा अंदाज थोडा वाढवतात, पण एका तफावतीवर सगळा हिशोब पालटत नाहीत. विड्रो आणि हॉफ या संशोधकांनी १९६० साली मांडलेली एलएमएस ही वजनं बदलायची रीत हेच करते, तफावत गुणिले आलेला नमुना गुणिले एक छोटा आकडा, तेवढंच वजन हलवायचं. तो आकडा मोठा धरला तर वजनं भरकटतात, फार लहान धरला तर पाणी ओसरलं तरी तुमचा अंदाज चढतोच आहे. मी त्या आकड्याला 'पाऊल' म्हणतो.

विश्रामबाग, सांगली :
सरावती गाळणी, तफावत, पाऊल, तिन्ही उद्या फळ्यावर लिहिते आणि पुलाचंच उदाहरण देते, २०१९ चं पाणी वर्गातल्या निम्म्या घरांनी बघितलंय. कन्व्हर्जन्सला, म्हणजे वजनं बदलत बदलत स्थिर होतात त्याला, 'वजनं ठरणं' चालेल का? पाणी ठरलं म्हणतो ना आपण, चढायचं थांबलं की, तसं.