आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघायला जातोय. कुठं उभं राहू, कानांचं काय करू?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा, घरचे धोट्याचे माग आहेत (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडं नेणारा). १९९६ साली मावसभावानं कोल्हापुरातून आणलेल्या कॅसेटवर मेडन पहिल्यांदा ऐकलं. स्टीव्ह हॅरिसचा तो घोडदौडीसारखा बेस कानावर पडला आणि वाटलं, अरे, हा तर आपल्या शेडमधला ताल! तेव्हापासून हाच एक बँड.

फेब्रुवारी २००८ मध्ये ते मुंबईत बीकेसीला आले, तेव्हा तिकीट काढून ठेवलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात मिरजेला वडिलांचं ऑपरेशन निघालं. तिकीट मित्राला दिलं. त्यानं परत आणून दिलेला अर्धा तुकडा अजून माझ्या पाकिटात आहे. छपाई पार उडालीय, नुसता पांढरा कागद राहिलाय.

आता धाकटा भाऊ जर्मनीत आहे. बँडच्या पन्नास वर्षांची टूर चालू आहे, पुढच्या उन्हाळ्यात ये म्हणतो. डिसेंबर २०२४ मध्ये ड्रमर निको मॅकब्रेन टूरमधून निवृत्त झाला, त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. आता आणखी थांबायचं नाही.

वय ४६, उजवा गुडघा दुखतो. अगदी पुढं जावं की लांब बसावं? दुसरं, पंचवीस वर्षं मागाच्या आवाजात काढली आहेत, रात्री डाव्या कानात शिट्टी वाजते. तिथं जाऊन कान आणखी बिघडतील का? आणि व्हिसाचं किती आधी बघू?

नेकरकाठ:
दादा, या, नक्की या. मी जुलै २०२५मध्ये श्टुटगार्टला कानश्टाटर वाझनवर हाच शो बघितला. नेकर नदीकाठचं मोकळं मैदान आहे. सगळी गाणी पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे १९८० ते १९९२. तुमच्या कॅसेटच्या काळातलीच. कोलरिजच्या कवितेवरचं ते तेरा मिनिटांचं खलाशाचं गाणंही वाजवलं. निकोच्या जागी सायमन डॉसन आहे, हॅरिसच्या ब्रिटिश लायन या दुसऱ्या बँडमध्येही तोच वाजवतो. ड्रम्सवर बसलेला माणूस बदललाय हे पहिली दोन गाणी जाणवतं, मग आपण गाण्यात जातो.

मी दुपारपासून कठड्याला धरून उभा होतो. जागा जाईल म्हणून ना पाणी प्यायलो, ना लघवीला गेलो. हॅरिस वेजवर, म्हणजे स्टेजच्या कडेच्या तिरक्या स्पीकरवर, पाय ठेवून बेसचं तोंड आपल्यावर रोखतो, ते दहा हातांवरून बघितलं, ते विसरणार नाही. पण गायक ब्रूस डिकिन्सनचे शब्द मला नीट ऐकूच आले नाहीत. तुमचा गुडघा बघता पुढचा हट्ट धरू नका. आणि पुढच्या भागाचं तिकीट बऱ्याचदा वेगळं असतं, भावाला काढताना वाचून घ्यायला सांगा.

माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या. बिनबाह्यांचं जीन्सचं जाकीट, त्यावर बँडचे पॅच दाटीनं शिवलेले, काहींचा दोरा बदलून पुन्हा शिवलेला. त्यांनी मला अर्धं सफरचंद दिलं. गर्दीची भीती मनातून काढून टाका.

मिक्सरवाला:
पुण्यात वीस वर्षं साउंड करतोय, म्हणून जागेबद्दल ठामपणे सांगतो. मैदानाच्या मध्यात साउंडचा टॉवर असतो, तिथं मिक्सर मांडलेला असतो. त्याच्यापुढं पाच-सात पावलं, किंचित एका बाजूला उभे राहा. साउंड इंजिनिअर जे ऐकून मिक्स करतो तेच तुम्हाला ऐकू येईल. स्टेजच्या अगदी तोंडाशी सबवूफरचा, म्हणजे खालच्या स्वरांच्या स्पीकरचा, दणका पोटात बसतो, पण वर टांगलेल्या मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून मागं निघून जातो. नेकरकाठ यांना शब्द ऐकू आले नाहीत ते त्यामुळंच.

हॅरिस पिक वापरत नाही, बोटांनी वाजवतो. त्याचं एकेक बोट सुटं ऐकायचं असेल तर जागा तीच. शिवाय टॉवरभोवती कठडा असतो, त्याला पाठ टेकता येते. गुडघ्याला तेवढाच आराम.

लालमाती:
मिक्सरवाल्यांना पूर्ण मान देऊन सांगतो, मला पटत नाही. मी २००८ला बीकेसीला पुढच्या तिसऱ्या रांगेत होतो. त्या टूरचा पहिलाच शो मुंबईत होता, ब्रूस स्वतः त्यांचं बोईंग ७५७ चालवत आला होता. सुरुवातीला लावतात ते चर्चिलचं रेकॉर्ड केलेलं भाषण संपलं, पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या टीशर्टाचं कापड पोटावर थरथरायला लागलं. ते मागं उभं राहून मिळत नाही. दादा, निदान शेवटची दोन-तीन गाणी कडेकडेनं जमेल तेवढं पुढं सरका.

आणि एक. यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' हे गाणं स्पीकरवर लागलं की समजायचं, आता मेडन येणार. त्याच्या आधी बाथरूम उरकून घ्या.

कर्णिका:
मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. दादा, तुमच्या शिट्टीची मला शोपेक्षा जास्त काळजी वाटते. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. शो दोन तासांचा. तुमचे माग तर रोजचेच.

आधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, या महिन्यातच. मग संगीतासाठी मिळतात ते फिल्टरचे इअरप्लग घ्या. साधे फोमचे प्लग उंच स्वर जास्त कापतात, गिटार घोंगडीखालून वाजल्यासारखी लागते. फिल्टरवाले सगळा आवाज जवळजवळ सारखा खाली आणतात. घालताना विरुद्ध हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढा, मग आत सरकवा. मध्ये काढायचे नाहीत, आवडत्या गाण्यालाही नाही. शोनंतर एका कानानं एकदम कमी ऐकू आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं, घरी परत येईपर्यंत थांबायचं नाही.

शेडमध्ये मात्र उद्यापासूनच संरक्षण घाला, तिथं फोमचेही चालतील. तुम्हीही, आणि कामगारांनीही.

नेकरकाठ:
व्हिसाचं राहिलंच. शेंगेनचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच अवघड जातं. ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. भावाकडं राहणार असाल तर त्याच्याकडून निमंत्रणाचं पत्र मागवा. आणि मोबाइल खिशात ठेवा, बँडच्या मॅनेजरनंच तशी विनंती केली आहे. मी ठेवला होता.

पंचगंगाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. कर्णिकाताई, कोल्हापूरला ऑडिओग्राम करून आलो. डाव्या कानाचे उंच स्वर कमी झालेत, पण शोला जायला डॉक्टरांची हरकत नाही, प्लग घालूनच. फिल्टरचे मागवले. आल्या आल्या शेडमध्ये जाऊन घातले. माग तेच, चाल तीच, पण धोटा डावीकडं आपटतो आणि उजवीकडं आपटतो हे वेगवेगळं ऐकू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जॉबरला (माग दुरुस्त करणारा) आणि कामगारांना फोमचे दिलेत.

जागा ठरली, टॉवरच्या पुढं. लालमाती, शेवटच्या दोन गाण्यांना सरकतो पुढं. पाकिटातला तो कागद सोबत नेणार आहे.