मदत हवी आहे : 'आइशितेरु'ची पाच अक्षरं मराठीत कशी आणू?

ड्रीम्स कम ट्रू या जपानी बँडची प्रेमगीतं इथे कुणी ऐकतं का? गायिका मिवा योशिदा आणि बास गिटार वाजवणारे मासातो नाकामुरा. आता दोघंच आहेत, २००२पर्यंत तिघं होते. (सोनिक या व्हिडिओ गेमचं पहिलं संगीतही नाकामुरांचंच!)

त्यांचं १९८९चं 'मिराइ योसोउझु २' मी मराठीत करतेय. आमच्या जपानीच्या क्लासमध्ये म्हणायचंय, पण एका जागी घोडं अडलंय. गाण्यात तिला गाडीतून उतरवून परत जाताना तो गाडीचे ब्रेकलाइट पाच वेळा लुकलुकवतो. पाचच का, तर आ-इ-शि-ते-रु, म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. जपानीत ही पाचही अक्षरं सारख्या लांबीची, एकेका उघडझापीला एकेक.

मला सुचलं 'आवडतेस'. लिहिताना पाच अक्षरं बरोब्बर, पण म्हणताना 'आ-वड-तेस', तीनच ठोके! शिवाय 'आवडतेस' म्हणजे त्यांचं 'सुकि' झालं; 'आइशितेरु' फार वजनदार, रोजच्या बोलण्यात जपानी माणूस सहसा म्हणतच नाही.

पाच ठोक्यांत बसेल असं काही सुचतंय का? की मूळ शब्दच ठेवू? 'प्रिये'छाप काही नको, प्लीज.