वाडी गेली तर माणूस रडणारच, त्याला डॉक्टर कशाला?

बागायतदार (श्रीवर्धन)
3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. आमच्या काकांची सुपारीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. सुपारीचं रोप हाताशी यायला सहा-सात वर्षं तरी जातात. सत्तरीच्या माणसाला "परत लावा" म्हणायला आपल्याला काय जातंय? मुलाने रोपं लावली, ती डोक्यावर गेली, तरी काका तिकडे फिरकत नाहीत. मुंबईची भाची म्हणते, "हे डिप्रेशन आहे, डॉक्टरला दाखवा." मी म्हणतो, जन्माची कमाई गेल्यावर माणूस पेढे वाटेल का? दुःखाला आजार म्हणायची ही नवी फॅशन आहे. चार माणसांत बसवा, हाताला काम द्या, सावरतील.

देवगडची लेक
मी परिचारिका आहे. तुमचं निम्मं म्हणणं बरोबर. संकट ताजं असताना माणसाला धरून "बोल, काय काय झालं ते सांग" असं करू नये, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आधी छप्पर, पाणी, आपली माणसं. पण ती गोष्ट पहिल्या दिवसांची. तुमच्या काकांना इतकी वर्षं झाली. झोपतात का नीट? जेवण? पूर्वी आवडायचं ते काही करतात?

बागायतदार
पहाटे तीनला उठून ओटीवर बसतात. भजनाला जायचे, ते बंद. जेवण चिमणीएवढं. पण वयही झालंय हो.

घोवाची गजाल (मालवण)
आमच्याकडे देवळात गाऱ्हाणा घालतत, त्येका कमी समजू नको. गुरव मोठ्यान देवाक सांगता, सगळो गाव "व्हय म्हाराजा" म्हणता. तुझा दुःख तुझ्या एकट्याचा रवणा नाय. असो डॉक्टर मुंबईत तरी गावतलो काय?

पालशेतकर
गाऱ्हाण्याला माझा विरोध नाही, पण त्याच्या पुढची पायरी भगताची असते. माझ्या आत्तेला झोप नव्हती, घाबरल्यासारखं व्हायचं. "बाहेरची बाधा" म्हणून कोंबडे कापले, गंडे बांधले. पैसे गेले ते गेले, त्यात दोन वर्षं गेली. डॉक्टरकडे गेल्यावर महिन्या-दीड महिन्यात ती स्वतः चूल पेटवायला लागली. घरात तोवर एकच वाक्य, "रत्नागिरीला दाखवलं तर लोक काय म्हणतील?" आपल्याकडे रत्नागिरी म्हटलं की मनोरुग्णालय, आणि तिकडे गेला तो वेडा. लोक मरायला टेकतील पण त्या गाडीत बसणार नाहीत.

खलाशी दाभोळ
सगळे डॉक्टर-डॉक्टर करताय, पैशाचं कोण बोलणार? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, डोक्यावर होडीचं कर्ज. भरपाई सुरुवातीला हेक्टरावर मोजली, आमच्या लोकांच्या वाड्या गुंठ्यांत. काकांना काय झालंय ते स्पष्ट आहे: नुकसान झालंय. गोळी कर्ज फेडणार आहे का? उलट सवय लागेल.

देवगडची लेक
कर्ज गोळीने फिटत नाही, मान्य. पण ज्याला रात्र-रात्र झोप नाही तो बँकेत जाऊन हप्ते पाडून घ्यायला तरी कसा उठणार? आणि सवयीचं म्हणाल तर ती झोपेच्या, घबराटीच्या काही गोळ्यांची लागते. नैराश्याच्या नेहमीच्या औषधांची तशी चटक लागत नाही. फक्त गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि मनाने एकदम बंद करायची नाहीत. आपले लोक आठव्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडतात.

बागायतदार, एक गोष्ट काकांना सरळ विचारा: "जगू नये असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं ठेवू नका, वाडीच्या फवारणीचं औषध कुलपात टाका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडीत बसायची लाज वाटत असेल तर आधी 14416 ला फोन करा. टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा, फुकट, दिवस-रात्र, मराठीतून बोलतात.

बागायतदार
असं काकांना तोंडावर कसं विचारायचं? आमच्याकडे बापाशीही कोणी असं बोललं नाही.

पालशेतकर
तोंडावर नकोच. ओटीवर शेजारी बसून सुपारी कातरता कातरता विचार. तीनला उठतात ना, तूही ऊठ.

खलाशी दाभोळ
विचारा जरूर. पण सोबत त्या भरपाईच्या अर्जाचं काय झालं तेही तलाठ्याला विचारा. माझं मत बदललेलं नाही.